चाळ, खाट आणि ढेकूण

मुंबईच्या चाळींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्यांचे भोंगे, नळावरची भांडणे, गणेशोत्सवाचे मांडव आणि संपाच्या सभा यांची यथास्थित नोंद केली. परंतु ज्या प्राण्याने त्या चाळींतील खोल्याखोल्यांतून भाडे न भरता, पागडी न मोजता आणि घरमालकाच्या नोटिशीला न जुमानता पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केले, त्या ढेकणाच्या वाट्याला विनोदी लेखातील एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा आली नाही. ही उपेक्षा मला अनाठायी वाटते. घर लाकडाचे की सिमेंटचे, एका खोलीत माणसे किती, ती निजतात कशावर आणि त्यांचे अंथरूण दिवसातून कितीदा उलगडले जाते, या प्रश्नांची उत्तरे शिरगणतीच्या कोष्टकांत जेवढी सापडतात तेवढीच ढेकणांच्या वस्तीतही सापडतात. आणि त्यांचा बंदोबस्त करण्याचे जे उपाय वेळोवेळी योजले गेले, त्यांतले कोणते टिकले व कोणते फसले हे पाहू लागले की घराघरांतील श्रमांचा, विशेषतः बायकांच्या श्रमांचा, एक अलिखित जमाखर्चच हाती लागतो.

आपल्या पूर्वजांना हा प्राणी चांगलाच परिचित होता. पंचतंत्रात राजाच्या शय्येत सुखाने कालक्रमणा करणाऱ्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेकडे अग्निमुख नावाचा मत्कुण, म्हणजे ढेकूण, पाहुणा म्हणून येतो, राजाला झोप लागण्यापूर्वीच उतावळेपणाने त्याला डसतो आणि स्वतः फटीत निसटून जाऊन बिचाऱ्या यजमानिणीचा मात्र वध घडवून आणतो. कथेचे तात्पर्य काहीही असो, कथाकाराचे निरीक्षण पक्के आहे: दिवा आणला की पळून लपणारा तो मत्कुण, आणि सापडणारी ती ऊ. एका सुप्रसिद्ध सुभाषितात तर लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात का निजतात याचा उलगडा ढेकणांच्या भीतीने केलेला आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत हिऱ्याचे भस्म करण्यापूर्वी त्याला मत्कुणाच्या रक्ताच्या भावना देण्याचा विधी सांगितला आहे. ढेकणाच्या संगतीने हिरा भंगल्याची जी म्हण आपल्या तोंडी आहे तिचे मूळ या विधीत असावे असा माझा तर्क आहे. म्हणजे देवादिकांपासून रसवैद्यांपर्यंत सर्वांनी या प्राण्याची दखल घेतली. दखल घेतली नाही ती दप्तरे राखणाऱ्यांनी.

परदेशी प्रवाशांनी मात्र ती घेतली. शिवछत्रपतींनी 1670 साली सुरतेवर दुसरी स्वारी केली, तीनंतर उणीपुरी दोन दशके लोटली असताना, म्हणजे 1690 साली, जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस उतरला. तेथील वाणी महाजनांनी गुरे, घोडे व इतर जनावरे यांच्यासाठी चालविलेल्या धर्मशाळेचे वर्णन करताना, शेजारीच ढेकूण, पिसवा इत्यादी रक्तपिपासू जीवांच्या पोषणाचीही तजवीज असल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. आणि ती तजवीज अशी की, एखाद्या गरजू इसमाला मोबदला देऊन त्या जीवांनी भरलेल्या खाटेवर रात्रभर निजविण्यात येई, आणि चाव्यांनी हैराण होऊन त्याने उजाडण्यापूर्वीच पळ काढू नये म्हणून त्याला खाटेशी बांधूनही ठेवीत. गुजरातेतील काही पांजरपोळांतून कीटकांसाठी राखलेल्या ‘जीवातखान्यां’ची प्रथा पुढेही दीर्घकाळ चालत आली. जीवदयेच्या तत्त्वाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ती दया ढेकणापर्यंत पोहोचली आणि खाटेवर बांधलेल्या माणसाच्या उंबऱ्याशी येऊन थबकली, एवढे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

देशावरच्या अथवा कोकणातल्या साध्या खेडुताच्या घरी ढेकणाचे फारसे फावत नसे, असे जुनी माणसे सांगत, आणि त्यात तथ्य असावे. शेणाने वरचेवर सारवलेली जमीन, तिच्यावर अंथरलेली घोंगडी, सकाळी ती झटकून वळणीवर टाकण्याचा परिपाठ, आणि घरात लाकडी सामान म्हणावे तर एखादी बाज व एखादा पाट, इतक्या तुटपुंज्या आश्रयावर त्याची वसाहत वाढावी कशी? कारण हा प्राणी उडत नाही, उडी मारीत नाही आणि उवेप्रमाणे अंगावर राहतही नाही. त्याला हवी असते फट. कागदाची कड शिरेल एवढी अरुंद, पाठ आणि पोट दोन्हीकडून खरखरीत पृष्ठभागाला टेकेल अशी, आणि निजणाऱ्या माणसापासून हाकेच्या अंतरावर असलेली. आपल्या उष्ण मुलखात आढळणारी त्याची जात शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘सायमेक्स हेमिप्टेरस’ या नावाने ओळखली जाते. मादी आपल्या आयुष्यात शेकडो अंडी घालते. ती पांढुरकी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असून फटीच्या भिंतीला डिंकाने डकविल्यासारखी चिकटलेली असतात. अंड्यातून निघालेले पिलू पाच वेळा कात टाकते आणि दर वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी पोटभर रक्त प्यावेच लागते. पोट भरण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. आणि माणूस मिळाला नाही तर मोठा ढेकूण काही महिने उपाशीही काढतो. रिकाम्या खोलीत नवे बिऱ्हाड आले की पहिल्याच रात्री त्याचे स्वागत कोण करीत असे, हे यावरून ध्यानात येईल.

अशा प्राण्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईने जे दिले ते त्याला क्वचितच कोठे लाभले असेल. गिरण्यांच्या आसऱ्याने गिरगावापासून परळ-लालबागपर्यंत ज्या चाळी उठल्या, त्यांचा सांगाडा सागवानी खांबांचा, मजले फळ्यांचे, जिने व कठडे लाकडाचे, दोन खोल्यांमधला आडोसा कित्येकदा पातळ तक्तपोशीचा. म्हणजे सगळी इमारतच सांध्यांची आणि भेगांची. तिच्यात कोकणातून व घाटावरून आलेला कामकरी वर्ग कोंबला गेला. एकेका गाळ्यात दहा-पंधरा बिनबायकांची माणसे भागीने राहत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पाठ टेकी, आणि अशा रीतीने ते अंथरूण चोवीस तास गार होऊ पावत नसे. उष्णता आणि उच्छ्वासातील कर्बवायू यांच्या मागाने ढेकूण माणसाचा ठाव काढतो, हे शास्त्रज्ञ आज सांगतात. त्या गाळ्यांतल्या ढेकणांना मागही काढण्याची गरज नव्हती. शिमग्याला आणि गणपतीला हीच माणसे वळकट्या बांधून बोटीने गावी जात, आणि वळकटीबरोबर मुंबईचा हा प्रसादही रत्नागिरी-मालवणच्या घरांत पोहोचे.

1896 साली प्लेग आला आणि सरकारी यंत्रणेची दृष्टी प्रथमच खोल्यांच्या अंतर्भागाकडे वळली. कौले उतरवून उजेड आत घेणे, भिंती रसकापराच्या व कार्बोलिकच्या पाण्याने धुणे, अंथरुणे जाळणे, आणि ज्या घरांना मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविले त्यांच्यावर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का मारणे, असा तो सपाटा होता. रोष ढेकणांवर नव्हता. ते त्यात केवळ आनुषंगिक म्हणून मेले असतील तेवढेच. या अनुभवातून 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते निघून त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी उभ्या केल्या. प्रत्येकीत 80 खोल्या, दर खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि सर्व बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे. लाकूड गेले म्हणजे ढेकूणही जाईल अशी कोणाची अटकळ असलीच तर ती फोल ठरली. भाडेकरू आपल्याबरोबर पत्र्याच्या ट्रंका, फळ्या, माळ्यावरच्या पेट्या आणि खाटा घेऊन आला. भिंतीत त्याने खिळे ठोकले, खिळ्यांवर दिनदर्शिका आणि देवांच्या तसबिरी टांगल्या. आणि तसबिरीच्या पाठच्या पुठ्ठ्यात, खिळ्याच्या भोवती उडालेल्या टवक्यात, दाराच्या बिजागरीत ढेकणांनी यथावकाश आपले संसार थाटले.

त्यांच्याशी सामना चाले तो रविवारी सकाळी, आणि तो चाले गॅलरीत. त्याचा तपशील सांगण्याजोगा आहे. आधी गादी-उशा कठड्यावर उन्हात पडत. गादीच्या शिवणी आणि गुंड्या बोटांनी उलटून पाहण्याचे काम म्हाताऱ्या आजीकडे असे, कारण तिच्याइतका धीर दुसऱ्या कोणापाशी नव्हता. मग खाटेची नवार सोडीत, ती धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात हंड्याने उकळीत, आणि उघड्या पडलेल्या चौकटीचे पाय व गाते सांध्यातून ठोकून मोकळे करीत. सुंभाची बाज असेल तर ती उचलून फरशीवर दाणदाण आपटीत. प्रत्येक आपटीसरशी तांबूस-तपकिरी टिकल्या खाली पडत आणि चपलेखाली चिरडल्या जाऊन तो विशिष्ट उग्र दर्प सबंध मजल्यावर पसरे. त्यानंतर येई किटली. उकळत्या पाण्याची बारीक धार खोबणीत अशी सोडायची की पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले पाहिजे. पहिल्या धारेबरोबर मोठे ढेकूण वाहून येत, पण अंडी शिजायची तर तिसरी-चौथी धार लागे, आणि हे ज्ञान पोरींना आयांकडून मिळे. साधारण 50 अंश उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात, हे प्रयोगशाळेने पुढे सिद्ध केले. गॅलरीतील किटलीला ते आधीच ठाऊक होते. नुसत्या उन्हाने मात्र काम भागत नसे, कारण ऊन लागले की तो चतुर प्राणी चौकटीच्या सावलीकडच्या अंगाला सरके.

शेवटी खोबणीत घासलेटाचा बोळा फिरवून, जमल्यास तीत लांबी भरून चौकट पुन्हा जोडीत. खाटेच्या चारही पायांखाली घासलेट घातलेल्या वाट्या ठेवीत आणि खाट भिंतीपासून वीतभर दूर सारीत. परंतु चादरीचे टोक जमिनीला लागले की हा सारा खंदक निरुपयोगी ठरे. दसऱ्या-दिवाळीच्या सफेदीत चुन्यात मोरचूद कालवीत. वेखंडाची पूड, निरगुडीचा आणि कडुनिंबाचा पाला, दारे लावून दिलेली गंधकाची धुरी, हेही उपाय होते. पैकी धुरीचा काही उपयोग झाला तर होई, पाल्याचा मुख्य उपयोग समाधानाचा असे. वर्तमानपत्रांतून ‘हुकमी इलाज’ विकणाऱ्यांचे तर पेवच फुटले होते, व्ही.पी.ने मागविलेल्या पुडक्यात दोन सपाट दगड निघाले व सोबत ‘ढेकूण एकावर ठेवून दुसऱ्याने मारावा’ अशी सूचना होती, ही कथा मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की ती खरी नसावी अशीच माझी खात्री झाली आहे. खरी गोष्ट एवढीच की, रविवारचा हा सगळा खटाटोप एका खोलीने करून भागत नसे. शेजारच्या बिऱ्हाडाने त्या दिवशी किटली चढविली नाही, तर भिंतीच्या भेगेतून पंधरवड्यात पुन्हा आयात सुरू होई. आणि ढेकूण मारणे पाप मानणाऱ्या एखाद्या सत्शील शेजाऱ्याने ते चिमटीत धरून कठड्याबाहेर सोडले, तर खालच्या मजल्याची फिर्याद वर येई.

ढेकणावर याहून गंभीर आरोप वैद्यकाने ठेवला होता. काळा आजार कोणाच्या दंशाने पसरतो हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी ऐरणीवर असता, कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी संशयाचे बोट ढेकणाकडे दाखविले, आणि 1907 साली मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये कॅप्टन पॅटन यांना त्या आजाराचे परोपजीवी ढेकणाच्या पोटात वाढताना दिसलेही. खटला जवळजवळ शाबीत झाला होता. परंतु पोटात जंतू सापडणे निराळे आणि दंशातून तो दुसऱ्याच्या अंगात जाणे निराळे. वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही हे दुसरे कलम कोणाला सिद्ध करता येईना, आणि अखेर 1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी वालुमाशीच्या दंशाने स्वयंसेवकांना तो रोग जडतो हे दाखवून ढेकणाला या आरोपातून मुक्त केले. आजतागायत मनुष्यात कोणताही रोग ढेकूण पसरवितो असे निर्विवाद ठरलेले नाही. त्याचा गुन्हा झोपमोडीचा. परंतु सकाळी सातच्या भोंग्याला यंत्रासमोर उभे राहायचे आहे अशा माणसाच्या लेखी तो गुन्हा किरकोळ नव्हता, आणि उन्हाळ्यात शेकडो माणसे उशी काखोटीला मारून पदपथावर निजायला जात, त्याला उकाड्याइतकेच खोलीतले हे सहनिवासीही कारण होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डीडीटी आले. स्वित्झर्लंडातील पॉल म्यूलर यांनी या पुडीचे कीटकनाशक सामर्थ्य 1939 मध्ये ओळखले, आणि त्याबद्दल 1948 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर घराघरांत ‘फ्लिट’चा पंप असे, त्याचा फवारा अंगावर बसलेला ढेकूण मारी, फटीतल्याला धक्का लावीत नसे. डीडीटीचा गुण निराळा होता: भिंतीवर एकदा मारले की ते महिनोन्‌महिने तेथे राही आणि त्यावरून चालून जाणारा ढेकूण पाय लटपटत मरे. त्याच्या मागे फटीत शिरावे लागत नव्हते, तोच रात्री भुकेने बाहेर येणार होता. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड व कानडा जिल्ह्यांत 1946 साली डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली, आणि 1953 साली ती राष्ट्रीय मोहीम बनली. खाकी पोशाखातील माणसे पाठीवर पंप घेऊन गावोगाव हिंडू लागली, घरात शिरून भिंती फवारू लागली आणि दारावर तारीख घालून पुढे जाऊ लागली.

येथे इतिहासाने एक मोठी गमतीची कलाटणी घेतली. शासनाला डास मारायचे होते. रयतेने दारे उघडली ती मुख्यतः ढेकूण मरतात म्हणून. डास कमी झाले हे हिशेबाच्या तक्त्यांत दिसत होते. ढेकूण गेले हे पहिल्याच रात्री पाठीला कळत होते. परंतु 1947 मध्येच, हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या नाविक तळावर, डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले, आणि पुढील काही वर्षांत आपल्याकडेही तेच घडू लागले. विषाला पुरून उरलेल्या मूठभरांची संतती वाढली. शिवाय डीडीटी अंगाला झोंबत असल्यामुळे जे ढेकूण मरत नसत ते अस्वस्थ होऊन दिवसाढवळ्या भिंतींवर हिंडू लागत. गावकऱ्याने निष्कर्ष काढला तो त्याच्या दृष्टीने सरळ होता: सरकारच्या औषधाने ढेकूण वाढतात. मग फवारणीवाले दिसले की दाराला कडी लागे, नाहीतर ते गेल्यावर घरची बाई भिंत शेणामातीने सारवून टाकी, आणि ढेकणांबरोबर डासांवरचे औषधही त्या सारवणाखाली गाडले जाई. देशात हिवतापाचे रोगी वर्षाला सुमारे साडेसात कोटींवरून 1965च्या सुमारास एक लाखावर आले होते. नंतर हिवताप उलटून आला, त्याची कारणे अनेक आहेत, पण दारांना लागलेल्या त्या कड्या त्यांत मोजल्या पाहिजेत. माणसाला कोणता त्रास मोठा वाटतो हे कारभाऱ्यांनी त्याला विचारले नाही, याचा हा मासला होय.

पुढे ‘टिक-ट्वेंटी’ आले. काळपट बाटली, डोके उठविणारा वास, आणि ते शिंपडल्यावर खोलीला कुलूप लावून सगळ्यांनी नातेवाइकांकडे मुक्कामाला जाण्याचा तो विधी, या गोष्टी चाळीत वाढलेल्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत. चित्रपटगृहांच्या वेताच्या खुर्च्यांतून, रेल्वेच्या बाकांतून आणि इस्पितळांतून ढेकूण हळूहळू कमी झाले. त्याचे श्रेय बाटल्यांना देण्याची चाल आहे. मला मात्र ते लोखंडी खाटेला अधिक द्यावेसे वाटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी इस्पितळात लोखंडी पलंगच असावा असा आग्रह एकोणिसाव्या शतकात धरला होता. आपल्या घरांत नळीची लोखंडी खाट आणि पत्र्याचे कपाट शिरायला पुढचे शतक अर्धे उलटावे लागले, आणि ती शिरल्यावर किटलीचे काम निम्म्याहून हलके झाले.

आता फर्निचरवाल्यांनी फटी परत आणल्या आहेत. प्लायवुडचा पेटीवजा पलंग, त्यावर ठोकलेले मऊ डोकेपाट, आतून पोकळ सोफा, ही सर्व जुन्या सागवानी चौकटीहून सरस आश्रयस्थाने होत. प्रवासी बॅगा वळकट्यांपेक्षा दूर जातात. आणि हल्लीच्या पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांनाही ढेकूण पुष्कळ ठिकाणी सरावले आहेत. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, अंगावर ओळीने गांधी उठल्या किंवा चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले, तर औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी रात्री दिवा घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि डोकेपाटाची मागची बाजू तपासावी. शाईच्या टिंबांसारखी काळी विष्ठा, फिकट काती आणि पांढरी अंडी दिसली की शंका उरत नाही. कपडे व चादरी कढत पाण्यात घालाव्यात, सांध्यांत उकळते पाणी वा वाफ सोडावी, फटी लांबीने बुजवाव्यात, आठवड्या-दोन आठवड्यांनी नव्या पिलांसाठी हेच पुन्हा करावे, आणि शेजाऱ्यालाही त्याच दिवशी करायला लावावे. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र ढेकणांसाठी घरात कदापि ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून सुटणारा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्याने निजलेली माणसे व मुले दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत.